कार्यालयातील लांबलचक लिंकांना छोटी नावे कशी द्यावीत

रजेचा अर्ज, प्रवासखर्चाचा फॉर्म, सुट्ट्यांची यादी, या रोजच्या गोष्टींच्या लिंक बहुधा कुठल्यातरी जुन्या ईमेलमध्ये अडकलेल्या असतात आणि प्रत्येक नवा कर्मचारी त्या शेजारच्याला विचारून मिळवतो. त्याऐवजी ब्राउझरमध्ये नुसते ‘गो/रजा’ (रोमन अक्षरांत go/raja) टंकले की अर्ज उघडावा, अशी सोय करता येते. गूगलमध्ये 2005च्या सुमारास रुजलेली ही पद्धत आता लहान कार्यालयालाही सहज परवडते.

प्रथम छोटी नावे आणि त्यांचे खरे पत्ते जपून ठेवणारे सॉफ्टवेअर अंतर्गत सर्व्हरवर बसवावे. टेलस्केल कंपनीने 2022 मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुले केलेले ‘गोलिंक’, त्या कंपनीचे खाजगी नेटवर्क वापरणाऱ्या कार्यालयांना, त्यासाठी विनामूल्य वापरता येते. मग संगणक विभागाकडून अंतर्गत डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) ‘गो’ हे नाव त्या सर्व्हरला जोडून घ्यावे. सुरुवातीला ब्राउझर ‘गो/रजा’ हा शोधायचा मजकूर समजतो. तेव्हा पहिल्या खेपेस नावाच्या आधी ‘एचटीटीपी://’ (http://) लावावे. छोट्या नावावरून खऱ्या पत्त्याकडे पाठवताना सर्व्हर 302 प्रकारचे, म्हणजे तात्पुरते, पुनर्निर्देशन करतो ना, हेही तपासावे, कारण 301 हे कायमचे मानून ब्राउझर जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि आपण लिंक बदलली तरी काही जण जुन्याच पानावर जात राहतात.

खरा विचार लागतो तो नाव ठरवताना. नाव कामाचे असावे, फाइलचे नव्हे: ‘गो/रजा-अर्ज-2024-अंतिम’ वर्षभरात निरुपयोगी होते, तर ‘गो/रजा’ मागची प्रणाली बदलली तरी तसेच चालते. रोमन लिपीत मराठी शब्द प्रत्येक जण वेगळा लिहितो. ‘सूचना’ कोणी एका ‘यू’ने लिहितो, कोणी दोन ‘ओ’ घालून. अशी दोन्ही रूपे नोंदवून एकाच पानाकडे वळवावीत. तक्रारींसारख्या क्रमांकित नोंदींसाठी ‘गो/तक्रार/4521’ असा साचा करता येतो, म्हणजे शेवटी क्रमांक टंकला की तीच तक्रार उघडते, आणि दिवसभर तक्रारी हाताळणाऱ्यांचा त्याने फार वेळ वाचतो.

प्रत्येक नावाचा मालक नोंदवावा आणि तो शक्यतो एखादी व्यक्ती नसून विभाग असावा, म्हणजे कोणी नोकरी सोडली तरी लिंक पोरकी होत नाही. छोटे नाव म्हणजे कुलूप नव्हे, हे सर्वांना स्पष्ट सांगावे. पगारपत्रकासारख्या दस्तऐवजाची परवानगी मूळ ठिकाणीच मर्यादित ठेवावी लागते. ही नावे कार्यालयाच्या नेटवर्कबाहेर उघडत नाहीत, त्यामुळे ग्राहकांच्या पत्रांत पूर्ण पत्ताच द्यावा.

दर तिमाहीला बंद पडलेल्या लिंक काढाव्यात, मात्र मोकळे झालेले नाव लगेच दुसऱ्या कामाला देऊ नये, कारण जुन्या ईमेलमधून आणि सूचनाफलकावरून लोक त्याच नावाने येत असतात.