‘धूळच होत नाही’ म्हणणाऱ्या पद्धतीची चाचणी घेण्याआधी

मे महिना जवळ आला की ठाणे-बेलापूर पट्ट्यात शेडच्या ॲस्बेस्टॉस-सिमेंट पत्र्यांची कामं निघतात, आणि शटडाउन लागला की जुन्या स्टीम लाइनच्या लॅगिंगची, म्हणजे पाइपभोवतीच्या ॲस्बेस्टॉसच्या आवरणाची. नेमकं तेव्हाच कोणीतरी नवी पद्धत घेऊन दारात उभा राहतो. फोम मारून पत्रा उतरवायचा, जेल मुरवून लॅगिंग सोलायचं, बोल्टच्या डोक्यावर सक्शनची टोपी बसवून जे-हुक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारा आकडा, कापायचा. माहितीपत्रकावर ‘शून्य धूळ’ छापलेलं असतं. असेलही तसं. पण आपल्याकडे ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या ठेकेदाराला वेगळा परवाना लागत नाही आणि नव्या पद्धतीवर शिक्का मारून देणारी खिडकीही नाही. म्हणून ती तपासणी कारखान्यालाच उभी करावी लागते, आणि ती ठेकेदाराच्या हाताबाहेर ठेवावी लागते. रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या सेफ्टी ऑफिसरने चाचणीच्या दिवसाआधी काय काय जमवून ठेवावं, ते पुढे लिहितो आहे.

सगळ्यात आधी माणूस ठरवा. हवेचे नमुने घेणारी आणि त्यातले ॲस्बेस्टॉसचे तंतू मोजणारी प्रयोगशाळा ठेकेदाराने आणलेली नको. तिची ऑर्डर कारखान्याच्या नावाने निघू दे, बिल कारखान्याने भरावं आणि अहवाल थेट तुमच्या टेबलावर यावा. ठेकेदाराने स्वतःच्या पद्धतीची मापनं स्वतःच करून देणं म्हणजे पोराने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखं. ब्रिटनमध्ये परवाना लागणारं काम संपल्यावर जागा पुन्हा वापरात देण्याआधी चार टप्प्यांची तपासणी होते आणि ती मान्यताप्राप्त विश्लेषक करतो. त्याला ठेकेदाराऐवजी इमारतीच्या मालकाने नेमावं, असा तिथल्या नियामकाचा आग्रह असतो. अमेरिकेत ठरावीक पद्धत सोडून वेगळी वापरायची असेल तर तज्ज्ञ हायजिनिस्ट (कामाच्या जागेवरचे आरोग्याचे धोके मोजणारा) किंवा परवानाधारक इंजिनिअरने ती वाईटातल्या वाईट परिस्थितीतही पुरेशी आहे असं लेखी द्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये नव्या पद्धतीची मापनं स्वतंत्र तज्ज्ञांपुढे ठेवल्याशिवाय तिच्यासाठी सौम्य अटी मिळत नाहीत. तीन देशांच्या तीन तऱ्हा असल्या तरी विकणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर कुठेही भागत नाही. प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र नुसतं आहे का एवढं पाहू नका. त्याची व्याप्ती उघडून वाचा. हवेतले ॲस्बेस्टॉसचे तंतू मोजणं तिच्यात नसेल, तर त्या लेटरहेडचा इथे उपयोग नाही.

मग आकडा ठरवा, आणि तो चाचणीच्या आधी सही करून फाइलला लावा. ब्रिटनची मर्यादा चार तासांच्या सरासरीला दर मिलिलिटर ०.१ तंतू, अमेरिकेची आठ तासांच्या सरासरीला तेवढीच. युरोपीय संघाने २०२३च्या निर्देशाने ती ०.०१वर आणली, आणि नेदरलँड्स त्याआधीच घनमीटरला २००० तंतूंवर, म्हणजे ०.००२वर आलेला आहे. कायद्यातली आपली मर्यादा पाळायचीच. पण नवी पद्धत जुन्यापेक्षा चांगली म्हणून विकली जात असेल तर तिच्याकडून ०.०१ मागायला संकोच कशाला? आकडा आधी लिहिलेला नसला की अहवाल आल्यावर मीटिंगमध्ये ‘तसं फार नाहीये हो’ सुरू होतं.

काढायच्या मालाचे तुकडे आधी प्रयोगशाळेत पाठवा. सिमेंटच्या पत्र्यात साधारण दहा-पंधरा टक्के पांढरं ॲस्बेस्टॉस असतं आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं. जुन्या लॅगिंगमध्ये तपकिरी किंवा निळंही सापडू शकतं, आणि ते हाताने चुरगळलं तरी मोकळं होतं. पाइपच्या सांध्यातली, म्हणजे फ्लँजमधली, सीएएफ (दाबलेल्या ॲस्बेस्टॉसची) गॅस्केट तिसरीच गोष्ट. पत्र्यावर यशस्वी झालेली पद्धत लॅगिंगला चालेल असं गृहीत धरणाऱ्याला चाचणीच्या जागेवर येऊ देऊ नका.

आता चाचणी कुठे आणि कधी घ्यायची. ठेकेदार हमखास कॅन्टीनमागचा सुटसुटीत, सावलीतला, धड पत्रा दाखवेल. तुम्ही शेडचा तो कोपरा निवडा जिथे कित्येक पावसाळे खाऊन पत्र्याचं सिमेंट झिजलंय, वर शेवाळाचा काळा थर वाळलाय, बोल्ट गंजून आवळलेत आणि आधीच दोन ठिकाणी एम-सीलचं ठिगळ आहे. झिजलेल्या पत्र्यावर तंतू उघडे पडलेले असतात. पद्धतीची परीक्षा तिथेच होते. तारीख एप्रिल-मेमधली घ्या, दुपारची. जुलैत घेतलेल्या चाचणीचा मला भरवसा वाटत नाही. ठाण्याच्या पावसात पत्रा पाण्याने गच्च असतो, धूळ आपोआप बसते आणि त्याचं श्रेय फोमला मिळतं. पुढे हीच पद्धत कोरड्या मार्चमध्ये वापरली की खरा प्रकार कळतो, तोवर कागदावर मान्यता होऊन बसलेली असते. उलट्या बाजूने, चाचणी मेअखेर ढकलू नका, कारण वळवाचा पाऊस आला आणि शेड अर्धी उघडी राहिली तर मोजमाप सोडून सगळे ताडपत्री शोधत फिरतील. ती ताडपत्री तशीही आधीच आणून ठेवा.

मापनाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण फसवणूक झालीच तर इथे होते आणि बहुतेक वेळा ती कोणी मुद्दाम केलेली नसते. साध्या सूक्ष्मदर्शकाने मोजताना पाच मायक्रॉनपेक्षा लांब, तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जाडीच्या तिपटीहून लांब तंतू धरतात. ४८० लिटर हवा फिल्टरमधून ओढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या फिल्टरची दोनशे क्षेत्रं मोजली, तर ०.०१पर्यंत विश्वासाने बोलता येतं. कामगाराच्या कॉलरला लावलेला पंप मिनिटाला दोन लिटर ओढत असेल तर त्याला चार तास लागतात. आता नव्या पद्धतीचं प्रात्यक्षिक वीस मिनिटांत आटोपलं तर हवा ओढली गेली ४० लिटर, म्हणजे बाराव्या हिश्शाने, आणि ०.१२च्या खालचं काहीही त्या फिल्टरवर धड दिसणार नाही. अहवालात ‘आढळले नाही’ लिहून येईल आणि ते खोटंही नसेल. पण त्याने ०.१सुद्धा सिद्ध होत नाही. म्हणून पुरेसं काम आधी आखा. चार तास सलग पत्रे उतरवायचे, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या जोड्यांकडून, कारण कंपनीच्या सराईत माणसाचा हात आणि उद्या नाक्यावरून येणाऱ्या माणसाचा हात एक नसतो. कॉलरवरच्या नमुन्यांबरोबर शेडच्या आत, कुंपणाजवळ आणि वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूलाही पंप लावा. काम सुरू होण्याआधी हवेत किती तंतू आहेत ते मोजा, तुलनेसाठी कोरे फिल्टर सोबत पाठवा.

आणखी एक अडचण अशी की हा सूक्ष्मदर्शक ॲस्बेस्टॉस ओळखत नाही. तो तंतू मोजतो, मग ते ग्लासवूलचे असोत की कागदाचे. शेजारच्या युनिटमध्ये इन्सुलेशनचं काम चालू असेल तर चांगली पद्धतही नापास होईल. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फेरतपासणी कोण करून देईल, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे आधीच विचारून ठेवा. मोजणीची पद्धत आयएस ११४५० या भारतीय मानकात आहे. तिची प्रत अहवालाशेजारी ठेवून वाचा.

तंतूंच्या नादात बाकीचे धोके निसटतात. पत्र्यावर चढून फवारणी करायला सांगणारी पद्धत माझ्या मते तिथेच बाद. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही आणि खाली पडलेल्याला फुप्फुसाचा आजार होईपर्यंत वेळ मिळत नाही. काम खालून, परांचीवरून किंवा सिझर लिफ्टवरून होतं का ते पाहा. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या युनिटमध्ये साधा हेपा व्हॅक्यूम (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा) नेऊ नका, फ्लेमप्रूफ, म्हणजे ज्याने बाहेरच्या वाफा पेटणार नाहीत असा, मिळतो का ते ठेकेदाराला विचारा. बहुतेकदा तो खाली बघतो. फोम आणि जेलचं सुरक्षा माहितीपत्रक मागवा, गरम पाइपवर त्याचं काय होतं तेही.

चाचणीत काम करणारी माणसंही माणसंच आहेत, ‘ट्रायल आहे’ म्हणून मास्कमध्ये सूट नाही. तोंडाला रुमाल किंवा कागदी मास्क नव्हे, बारीक धूळ अडवणाऱ्या पी३ फिल्टरचा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे तपासलेला (फिट-टेस्ट). दाढीवर तो बसत नाही; मान्यता मिळून पुढचं काम श्रावणात पडलं तर या एका कारणाने अर्धी टोळी बाद होते, तेव्हा मुकादमाशी आधीच बोला. मेच्या उकाड्यात बंद सूटमध्ये किती वेळ काम आणि किती विश्रांती, हे लिहून ठेवा आणि चार तासांच्या गणितात धरा. ॲस्बेस्टॉसचे आजार वीस ते चाळीस वर्षांनी वर येतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तिथपर्यंत ठेवायला सांगितलं आहे. कंत्राटी माणसाची नोंद ठेकेदाराच्या वहीत राहिली तर ती इतकी वर्षं टिकणार नाही. तुमच्याच रजिस्टरला घ्या.

कचऱ्याचं थोडक्यात. २०१६च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस १५.२ क्रमांकाखाली येतं. तुमच्या घातक कचऱ्याच्या ऑथोरायझेशनमध्ये तो क्रमांक नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा एमपीसीबीकडे, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आधी अर्ज. महापे किंवा तळोजाच्या घातक कचरा केंद्राला फोम मुरलेला माल चालतो का हे लेखी विचारा, नुसता पत्रा चालतो म्हणून तोही चालेल असं नाही. फॉर्म १०चं मॅनिफेस्ट (कचरा नेतानाचा कागद), दुहेरी पिशव्या, लेबलं तयार हवीत. भंगारवाल्याला त्या दिवशी गेटच्या आत येऊ देऊ नका, उतरवलेला धड पत्रा झोपडीच्या छपराला जातो हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी मान्यतेचा कागद. त्याचा मसुदा चाचणीच्या आधीच टाइप करून ठेवा आणि फक्त आकड्यांची जागा रिकामी सोडा. त्यात लिहा की मान्यता कोणत्या मालाला, कोणत्या अवस्थेतल्या, कोणत्या अवजाराने, किती जणांच्या टोळीला आणि कोणत्या ऋतूत. नोझल बदललं, फोमची कंपनी बदलली, प्रशिक्षित माणूस सोडून गेला की मान्यता थांबते आणि मापन पुन्हा होतं. काम चालू असताना आकडा वर गेला तर कोण थांबवणार, त्याचं पद आणि रात्रपाळीतला त्याचा बदली, दोन्ही त्याच कागदावर असू द्यात. ठेकेदाराची सही चाचणी सुरू होण्याआधी घ्या; नंतर तो मसुद्यातल्या प्रत्येक ओळीवर घासाघीस करतो.