उघड्यावरची लघवी थांबवायची असेल, तर सुरुवात कोठून करावी

शहरातील एखादी भिंत किंवा बोळ लघवीची जागा म्हणून रूढ झाली की पहिली मागणी दंडाची होते आणि दुसरी पाटीची. दोन्हींचा उपयोग आहे, परंतु त्यांचा क्रम शेवटचा आहे. जवळपास स्वच्छ आणि उघडे स्वच्छतागृह नसताना ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला दंड करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण दंडाच्या भीतीने मूत्राशय रिकामे होत नाही. माणूस फक्त पुढच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जातो. म्हणून ज्यांना हे काम मनापासून करायचे आहे, मग ते नगर प्रशासनातील कर्मचारी असोत किंवा त्या गल्लीतील रहिवासी, त्यांनी आधी ती जागा नीट पाहावी.

पाहणी दिवसा एकदा आणि रात्री उशिरा एकदा अशी दोन्ही वेळा करावी. गुडघ्याच्या उंचीपासून खाली उतरलेले ओघळ, भिंतीच्या पायथ्याशी जमलेला पांढरा क्षार, तेथेच फुगून सुटलेला गिलावा आणि रस्त्याच्या उताराने गटाराकडे गेलेली काळपट रेघ, एवढ्या खुणांवरून लोक नेमके कोठे उभे राहतात हे कळते. त्यानंतर ते कोण आहेत हे समजून घ्यावे. रात्री दारूची दुकाने बंद होण्याच्या सुमारास गर्दी होत असेल, तर प्रश्न काही तासांपुरता आहे. दिवसभर एकेकटे लोक येत असतील, तर ते बहुधा वाहनचालक, घरपोच सामान पोहोचवणारे, फेरीवाले आणि पहारेकरी असतात, म्हणजेच ज्यांचे कामाचे ठिकाण हा रस्ताच आहे असे लोक. या दोन प्रकारांना एकच उपाय लागू पडत नाही, आणि बहुतेक मोहिमा फसतात त्या हा फरक न केल्यामुळे.

रात्रीपुरत्या गर्दीसाठी तात्पुरत्या मुताऱ्या पुरेशा ठरतात. नेदरलँड्समध्ये तयार झालेली एक रचना दिवसभर जमिनीखाली असते आणि संध्याकाळी यंत्राने वर उचलली जाते, त्यामुळे दिवसा पदपथ मोकळा राहतो. पॅरिसने २०१८ मध्ये निराळा प्रयोग केला. वर फुलझाडे, आत पेंढा आणि पुढे लघवीसाठी जागा अशा लाल पेट्या रस्त्यावर ठेवल्या गेल्या. लघवीतील नत्र आणि पेंढ्यातील कर्ब यांचे मिळून खत होते, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम होती, पण सीन नदीतील सें-लुई बेटावर अशी पेटी अगदी उघड्यावर, आडोशाशिवाय बसवल्यामुळे रहिवासी संतापले, आणि केवळ पुरुषांचीच सोय केल्याबद्दलही टीका झाली. आडोसा हा स्वच्छतागृहाचा अविभाज्य भाग आहे, हे जागा निवडतानाच लक्षात घ्यावे.

स्त्रियांचा प्रश्न येथे वेगळा मांडावा लागतो, कारण त्या भिंतीशी दिसत नाहीत म्हणून त्यांची गरज मोजलीच जात नाही. सोय नसेल तर त्या पाणी पिणे टाळतात आणि तासन्‌तास लघवी रोखून धरतात, ज्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. ॲम्स्टरडॅममध्ये रस्त्यावर लघवी केल्याबद्दल दंड झालेल्या एका तरुणीने, जवळ स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हते, असे न्यायालयात सांगितले, तेव्हा २०१७ मध्ये न्यायाधीशांनी तिने पुरुषांची मुतारी वापरायला हवी होती असे म्हटले. त्यावर उसळलेला रोष पूर्णपणे रास्त होता. स्त्रियांना लागणारा वेळ अधिक असल्यामुळे दोघांना समान क्षेत्रफळ दिले तरी रांग स्त्रियांचीच लागते. म्हणून त्यांच्यासाठी खोल्यांची संख्या अधिक धरावी. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि प्रोस्टेटची वाढ झालेले ज्येष्ठ नागरिक यांना थांबता येत नाही, याचाही विचार दोन स्वच्छतागृहांमधील अंतर ठरवताना करावा.

कायमस्वरूपी स्वच्छतागृह बांधताना खर्चापेक्षा देखभालीची चिंता आधी करावी. अमेरिकेतील पोर्टलंड शहराने २००८ पासून बसवलेली पोलादी स्वच्छतागृहे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. त्यांच्या भिंतींना खाली आणि वर फटी ठेवलेल्या तिरप्या पट्ट्या आहेत, त्यामुळे आतील व्यक्तीची लाज राखली जाते, पण आत कोणी आहे का आणि किती जण आहेत हे बाहेरून पायांवरून कळते. हात धुण्याचा नळ मुद्दाम बाहेर ठेवलेला आहे, म्हणजे कोणी आत रेंगाळत नाही. आणि फोडण्याजोगे सुटे भाग जवळजवळ नाहीतच. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये याहून साधा मार्ग धरला आणि स्वच्छतागृहापाशी पगारी माणूस नेमला. माझ्या मते पैसा एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असेल तर तो या माणसावर करावा, कारण कुलूप लागलेले किंवा आत पाऊल ठेववत नाही असे स्वच्छतागृह नसल्यातच जमा असते.

बांधायला जागाच नसेल, तर असलेल्या स्वच्छतागृहांचे दरवाजे उघडावेत. जर्मनीतील आलेन शहरात सुरू झालेल्या योजनेत उपाहारगृहे आणि दुकाने दारावर ठरावीक चिन्ह लावतात, काहीही विकत न घेता कोणालाही आतील स्वच्छतागृह वापरू देतात, आणि त्या बदल्यात नगरपालिका त्यांना दरमहा ठरलेली रक्कम देते. ही योजना पुढे तेथील शेकडो गावांनी आणि शहरांनी उचलली. मात्र अशी दारे रात्री बंद होतात, त्यामुळे रात्रीच्या गर्दीवरचा हा उपाय नव्हे.

सोय झाल्यावर जागेची सफाई हाती घ्यावी, आणि येथे घाई करू नये. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जीवाणू तिच्यातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात तेव्हा तो झोंबणारा दर्प येतो, आणि तोच दर्प पुढच्या माणसाला ही जागा लघवीचीच आहे असे सांगतो. आधी भरपूर पाण्याने भिंत आणि जमीन धुऊन काढावी, मग लघवीच्या सफाईसाठी मिळणारे विकरयुक्त (एन्झाइम असलेले) द्रावण लावून ते बाटलीवर सांगितलेला वेळ ओले राहू द्यावे. विटा आणि वाळूचा दगड लघवी शोषून घेतात, त्यामुळे हवेत दमटपणा आला की सुकलेला वास पुन्हा उठतो. अशा भिंतीला ही प्रक्रिया अनेकदा करावी लागते. साचलेल्या लघवीवर ब्लीच कधीही ओतू नये, कारण त्यातील अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा घातक वायू तयार होतो. क्षार काढण्यासाठी आम्ल वापरायचे असेल तर तेही ब्लीचपासून दूर ठेवावे, आणि संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडाला मुळीच लावू नये. सफाई कर्मचाऱ्यांना हातमोजे, बूट आणि मास्क न देता हे काम सांगणे गैर आहे.

त्यानंतर भिंत आणि कोपरा यांची रचना बदलावी. दोन भिंतींच्या सांध्यातील खोबण हीच मुळात आडोसा देते. लंडनच्या जुन्या गल्ल्यांत अशा खोबणींत दगडी किंवा धातूचे तिरपे उतार बसवलेले आजही दिसतात. त्यांवर पडलेली धार उभ्या माणसाच्या बुटांवर परत येते. आधुनिक रूप म्हणजे अंगावर पडलेला द्रव परत उडवणारा रंग. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागात २०१५ मध्ये रहिवाशांनी तो भिंतींना लावला आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोनेही त्याचे अनुकरण केले. भिंत रंगवली असल्याची पाटी शेजारी लावावी, कारण धाक त्या पाटीतूनच पसरतो. हा लेप घासून झिजतो, म्हणून तो पुन्हा लावण्याचा खर्च आधीच धरावा. याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे दिवा लावणे, अडगळ हलवणे आणि त्या कोपऱ्याला दुसरा वापर देणे: एखादे बाकडे, सायकली लावण्याची जागा, छोटे दुकान. लोकांची नजर जेथे सतत असते तेथे बहुतेक जण आपणहून थांबतात.

दंडाची पाळी आता येते. जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध चर्चच्या पायथ्याचा वालुकाश्म लघवीतील क्षारांनी झिजत असल्याची तक्रार २०१६ मध्ये झाली. तेथे दंड दुप्पट, म्हणजे १०० युरो करूनही फरक पडला नव्हता. रक्कम वाढवण्यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता वाढली तर वचक बसतो, म्हणून पाहणीत दिसलेल्या नेमक्या तासांना गस्त ठेवावी. दंड करणाऱ्या कर्मचाऱ्याला सर्वांत जवळचे उघडे स्वच्छतागृह बोटाने दाखवता आले पाहिजे; ते दाखवता येत नसेल तर पावती फाडू नये. ज्यांना घरच नाही त्यांच्याकडून दंड वसूल होत नाही, त्यांना सोय करून द्यावी लागते.

उपाय सुरू झाल्यावर त्याच खुणा त्याच वेळांना पुन्हा पाहाव्यात, आणि केवळ त्या भिंतीपाशी न थांबता आजूबाजूच्या सर्व गल्ल्या फिरून पाहाव्यात. मूळ जागा कोरडी झाली आणि शेजारच्या बोळात नवे ओघळ दिसू लागले, तर स्वच्छतागृह चुकीच्या ठिकाणी आहे किंवा हव्या त्या वेळी बंद असते असे समजावे, आणि त्या बोळाला रंग लावण्याआधी स्वच्छतागृहाची जागा किंवा वेळ बदलून पाहावी.