सरकारच्या धोरणांवर वाद घालताय? मग निदान या चुका तरी टाळा

बारा-तेरा वर्षं झाली, मी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय, अधूनमधून मुलांची तयारीही करून घेतो, आणि घरच्या ग्रुपवर भांडतो ते वेगळंच. विषय फिरून फिरून तेच, कर्जमाफी हवी की नको, फुकटच्या योजना, आघाडी सरकारं बरी की वाईट. त्याचं मला काही नाही. पण चुकाही त्याच, त्याच क्रमाने, त्याच आवेशात, याचा आता खरंच वैताग आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

घोषणेलाच धोरण समजणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण मी स्वतः ती करून तोंडावर आपटलोय.

जून २०१७. पुणतांब्याहून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप राज्यभर पेटलेला, शेतकरी नेत्यांची सुकाणू समिती आणि मंत्री यांच्या बैठका चालू, आणि ११ जूनला टीव्हीवर झळकलं की सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक साखरपुडा होता. मी पंगतीतच चुलतभावाला म्हणालो, दादा, सुटलास आता. समोर बसलेला मेहुणा लगेच उसळला, म्हणे हे सरकार एक रुपया देणार नाही, सगळी फसवणूक आहे. झालं, जिलेबी येईपर्यंत आमचं जुंपलेलं, मी सरकारच्या बाजूने, तो विरोधात, आणि ज्याच्या डोक्यावर खरोखर कर्ज होतं तो दादा गप्प बसून वरण-भात जेवतोय.

महिनाअखेरीस शासन निर्णय, म्हणजे जीआर, आला. दीड लाखाची मर्यादा. थकबाकी ३० जून २०१६ ची धरलेली. आणि ज्याची थकबाकी दीड लाखाच्या वर, त्याने वरची रक्कम आधी स्वतः भरायची, मग सरकार आपले दीड लाख टाकणार. दादाची थकबाकी दोन लाख दहा हजार. म्हणजे साठ हजार आधी आणायचे कुठून, ते पेरणीच्या तोंडावर. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "तुझं ते सरसकट कुठाय रे?"

मी चुकलो हे तर उघडच आहे, पण मेहुणाही तितकाच चुकला होता, कारण दीड लाखाच्या आतल्या ज्या लोकांचे कागद जुळले त्यांना माफी मिळाली, आमच्याच भावकीत मिळाली. आम्ही दोघं पाऊण तास ज्यावर घसा कोरडा करत होतो ते धोरण तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, होते फक्त दोन शब्द, 'सरसकट' आणि 'तत्त्वतः'. खरं धोरण निकषांत होतं आणि निकष यायला अजून दोन-अडीच आठवडे होते. दादा आजही कुठलीही घोषणा झाली की मला फोन करून विचारतो, निकष आले का?

तेव्हापासून माझी सवय अशी. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचं की ही गोष्ट नक्की कुठल्या टप्प्यावर आहे. भाषणातली घोषणा, मंत्रिमंडळाची मान्यता, जीआर किंवा विधेयक, कायदा, नियम, पैशाची तरतूद, प्रत्यक्ष खर्च. आणि जीआर हातात आला की मी आधी अपात्र कोण ते वाचतो. कोणाला मिळणार हे सगळे ओरडून सांगतात, कोणाला नाही मिळणार ते पान दोन-तीनवर बारीक अक्षरात असतं, आणि खरं राजकारण तिथे असतं. जीआर सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, मराठीत असतात, भाषा रटाळ आहे पण कळत नाही असं काही नसतं. मुलांना ते वाचायला सांगितलं की चेहरे असे होतात की जणू विहीर खणायला सांगितली. त्यांना ४५ सेकंदांची रील पाहिजे.

केंद्राच्या कायद्यांचंही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर झाली, आणि पुढच्याच स्पर्धेत एक मुलगी छान ठसक्यात म्हणाली, आता संसदेत एक तृतीयांश महिला आहेत. आहेत? जो मजकूर मंजूर झाला त्यातच लिहिलं होतं की नंतरच्या जनगणनेचे आकडे यावेत, मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी, मग आरक्षण. बरं, हेच विधेयक पहिल्यांदा १९९६ ला आलं होतं आणि २०१० ला राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत अडकलं, म्हणजे 'मंजूर' आणि 'लागू' यातलं अंतर याच विषयात तिला सगळ्यात सोपं दिसायला हवं होतं. वाचलं असतं तर तिच्या बाजूने केवढा दारूगोळा होता. नाही वाचलं.

आकड्याला तारीख नसणं

एकाने म्हणायचं तरतूद एवढी, दुसऱ्याने म्हणायचं खोटं, तेवढी नाहीच. एकदा मी मध्यस्थ असताना हे वीस मिनिटं चाललं आणि शेवटी कळलं की एकाकडे अर्थसंकल्पी अंदाज (वर्षाच्या सुरुवातीचा) होता आणि दुसऱ्याकडे त्याच योजनेचा सुधारित अंदाज (नंतर बदललेला), दोघंही खरे. बजेटच्या कागदांत एकाच ओळीत वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या प्रकारचे आकडे शेजारी शेजारी असतात, आणि राज्यात वर पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा) येतात त्या निराळ्या. वर्ष आणि प्रकार सांगितल्याशिवाय आकडा बोललात तर मी गुण कापतो, मग आकडा बरोबर का असेना.

केंद्र, राज्य आणि महापालिका यांची खिचडी

खड्ड्यासाठी पंतप्रधान आणि परराष्ट्र धोरणासाठी नगरसेवक, एवढं कोणी म्हणत नाही, पण त्याच्या जवळपास म्हणतात. पोलीस राज्याकडे, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून दोघांकडे. बोलायच्या आधी घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या तीन याद्या (केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती) एकदा बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. मजा म्हणजे यादी बघितली तरी काम संपत नाही. शेती राज्याच्या यादीत आहे, मग २०२० चे कृषी कायदे केंद्राने केले कसे? समवर्ती यादीतल्या अन्नधान्याच्या व्यापाराच्या नोंदीवर बोट ठेवून. तो आधार पुरेसा होता की नाही यावर वाद घाला ना, तो खरा वाद आहे, पण तिथपर्यंत पोचतं कोण.

तडजोड म्हटलं की गद्दारी

ही दुसरी मोठी चूक, आणि हिच्यावर माझी सगळ्यात जास्त ऊर्जा गेलीय.

पेट्रोल जीएसटीत का नाही, हा विषय एका स्पर्धेला होता. पहिला वक्ता म्हणाला केंद्राला लुटायचंय म्हणून. दुसरा म्हणाला राज्यांना लुटायचंय म्हणून. टाळ्या दोघांना. प्रश्नोत्तरात मी विचारलं, हे जिथे ठरतं त्या केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत मतदान कसं होतं? शांतता. एकजण म्हणाला बहुमताने. कुठलं बहुमत? पुन्हा शांतता, आणि मागून कोणीतरी हसलं.

तर ऐका. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. आता कागद घेऊन मांडा. केंद्र नाही म्हणालं तर सगळी राज्यं एक होऊनही ६६ टक्क्यांच्या आसपास अडकतात. आणि सगळे हजर असतील तर एकतीसपैकी डझनभर राज्यांनी नाही म्हटलं की केंद्रही अडकलं. म्हणजे रचनाच अशी आहे की कोणालाही एकट्याला ढकलता येऊ नये. पेट्रोल-डिझेल घटनेने बाहेर ठेवलेलं नाही, कधीपासून आणायचं ती तारीख परिषदेने ठरवायची असं आहे. दारू मात्र घटनेतच बाहेर ठेवली. दोन्हीकडे कारण साधं, राज्यांच्या हातात स्वतःच्या कमाईच्या जागा उरल्याच किती, त्या सोडून राज्यं सही करणार नव्हती.

आणि सही हवीच होती. ऑगस्ट २०१६ मध्ये सरकारकडे राज्यसभेत बहुमत नव्हतं, घटनादुरुस्ती म्हणजे दोन तृतीयांश, शिवाय निम्म्या विधानसभांची मंजुरी. मग काय काय दिलं-घेतलं गेलं बघा. राज्यांना पाच वर्षं भरपाईची हमी, तीही २०१५-१६ च्या वसुलीवर दरवर्षी १४ टक्के वाढ धरून. माल बनवणाऱ्या राज्यांसाठी एक टक्का जादा कर ठरला होता तो विरोधकांच्या आग्रहाने काढला. काँग्रेसला १८ टक्क्यांची मर्यादा घटनेतच लिहून हवी होती, ती मिळाली नाही. शेवटी राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी दृष्टीने शरणागती होती. पण ती काढून टाकली असती तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला असता का, हे सांगा आणि मग गद्दारी म्हणा.

अजून एक गंमत. २०११ ला हेच घोडं काँग्रेसच्या सरकारने पुढे आणलं तेव्हा गुजरात आणि मध्य प्रदेशातली भाजप सरकारं अडून बसली होती. खुर्च्या बदलल्या, भाषणंही बदलली. यावरून लोक लगेच 'सगळे सारखेच' वर उडी मारतात, ती उडी मला अजिबात आवडत नाही. विरोधात असताना राज्याच्या महसुलाची काळजी आणि सत्तेत असताना एकसंध बाजारपेठेची हौस, दोन्ही खऱ्या असू शकतात.

याची उलटी बाजूही आहे, म्हणजे आपल्या पक्षाची प्रत्येक माघार मास्टरस्ट्रोक. तीही तितकीच आळशी. १९९९ ला भाजपने राम मंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा बाजूला ठेवून आघाडी बांधली. २००४ ला किमान समान कार्यक्रमावर डाव्यांनी काँग्रेसच्या आघाडी सरकारला बाहेरून पाठिंबा दिला आणि जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून काढून घेतला. यात कोण शूर आणि कोण भित्रा हे ठरवायच्या आधी मी मुलांना तीन रकाने आखायला लावतो: कोणी काय सोडलं, कोणाला काय मिळालं, आणि बिल कोणाच्या नावावर फाटलं.

तिसरा रकाना नेहमी रिकामा राहतो. म्हणून मी त्यांना आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, व्यवसाय कर म्हणून कापतात ना? हा कर १९७५ ला आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या मजुराची मजुरी. आणि हे दोन्ही बाजूंना चाललं, कारण गावात काम मिळालं तर माणसं शहराकडे लोटणार नाहीत हेही त्यात होतं. हा सौदा न्याय्य होता का, यावर तासभर उत्तम वाद होतो. पण आधी तो सौदा होता हे दिसायला पाहिजे.

बाकीच्या फुटकळ

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?" हा मुद्दा नाही. फार तर टोमणा आहे, एकदा वापरा आणि पुढे चला.

अध्यादेश, म्हणजे अधिवेशन चालू नसताना सरकारने काढलेला तात्पुरता कायदा, हा कायमचा कायदा नव्हे. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो.

खासदाराने सदसद्विवेकाने मत द्यावं, असं भावुक होऊन म्हणू नका. १९८५ पासून घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, आहे, व्हिप (मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश) मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणूनच तडजोडी सभागृहात कमी आणि बंद खोलीत जास्त होतात. हे बरं की वाईट, यावर बोला, मी आनंदाने ऐकेन.

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. एआयने काढून दिलेला सारांशही नाही, त्यात निकष गळतात, आणि निकष गळले की काय होतं ते आमच्या दादाला विचारा.

घोषणा झाल्यावर दोन दिवस मत देऊ नका. हे कोणीच पाळत नाही, मी पण सगळ्यात जास्त रागात असताना पाळत नाही.

आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेदहाला "सर विषयावर पाच मुद्दे पाठवा ना" असा मेसेज करू नका. मी जीआरची पीडीएफ पाठवतो. निळी टिक येते, उत्तर येत नाही.