लाल मिरचीचे बीफ एन्चिलाडा: सुक्या मिरचीपासून ताटापर्यंत

एन्चिलाडा म्हणजे टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी) मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून, सारण भरून गुंडाळायची आणि भाजायची. त्यात मांस, चीज, टॉर्टिया हे सगळं असलं तरी पदार्थ उभा राहतो तो मिरचीवर. अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य आणि त्याला लागून असलेला उत्तर मेक्सिको, इथे लाल सॉस म्हटलं की त्यात टोमॅटो गृहीत नसतो. झाडावरच लाल पिकलेल्या मिरच्या वाळवायच्या, भिजवून वाटायच्या, गाळायच्या आणि तो रस आटवायचा. डब्यातला तयार सॉस वापरला तर वेळ वाचतो, पण मिरचीचा भरदार, किंचित गोडसर स्वाद मिळत नाही. पूर्ण कृतीला साधारण चार तास लागतात. त्यातले अडीच-तीन तास मांस आपलं आपण शिजत असतं. खालचं प्रमाण १२ एन्चिलाडांचं आहे, चार जणांना पोटभर होतं.

मांस आधी चढवा

१ किलो बीफ खांद्याच्या भागाचं घ्या. अमेरिकेतल्या दुकानांत ते ‘चक रोस्ट’ म्हणून मिळतं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे इथे म्हशीचं मांस वापरावं. चव जवळची येते, फक्त शिजायला जास्त वेळ लागतो. बिनचरबीचा तुकडा मात्र नको, तो शिजून चोथट होतो.

पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करून कोरडे पुसा, दीड चमचा मीठ चोळा आणि जाड बुडाच्या भांड्यात थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी खरपूस परता. तुकडे एकावर एक टाकले तर पाणी सुटून मांस नुसतं वाफवलं जातं, म्हणून दोन घाणे करा. मग एक चिरलेला कांदा, पाच लसूण पाकळ्या, एक तमालपत्र आणि सव्वा लिटर पाणी घालून झाकण ठेवा. आच अगदी मंद हवी. खळखळा उकळलं की मांस आक्रसून कोरडं पडतं. अडीच ते तीन तासांनी काट्याने सहज सुटायला लागलं की झालं. कुकरमध्ये पाणी थोडं कमी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा. तंतू मोकळे करा. रस्सा गाळून ३ कप बाजूला ठेवा. कमी भरला तर गरम पाण्याने पुरा करा.

सॉस: इथे घाई नको

न्यू मेक्सिकोच्या लांबट सुक्या लाल मिरच्या १०० ग्रॅम, म्हणजे साधारण पंधरा, आणि दोन आंचो घ्या. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची. तिने सॉसला दाटपणा येतो. न्यू मेक्सिकोच्या मिरच्या मिळाल्या नाहीत तर ग्वाहियो चालते. भारतात ब्याडगी सगळ्यात जवळची: रंग गडद, तिखटपणा बेताचा. तिला गर कमी असतो, म्हणून १२५ ग्रॅम घ्या. संकेश्वरी किंवा लवंगी घेतली तर सॉस तोंडात धरवणार नाही.

देठ आणि बिया काढा. तिखटपणा मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिक्या शिरेत असतो. सौम्य हवं असेल तर तीही काढून टाका. आता मध्यम तापलेल्या तव्यावर मिरच्या प्रत्येक बाजूने दहा-पंधरा सेकंदच भाजा. वास सुटला, साल जरा मऊ पडली की लगेच उचला. धूर आला किंवा काळा डाग पडला तर ती मिरची फेकून द्या. एका करपलेल्या मिरचीने अख्ख्या सॉसला कडवटपणा येतो, मग साखर घाला नाहीतर काही करा, तो जात नाही. खिडकी उघडी ठेवा, ठसका लागतो.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात २५ मिनिटं बुडवून ठेवा, वर ताटलीचं वजन द्या. भिजवलेलं पाणी चाखून पाहा. कडू लागलं तर ओतून टाका. मिरच्या, चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरेपूड, एक चमचा ओरेगानो आणि २ कप रस्सा मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. मग गाळणीतून पळीने दाबून गाळाच. मिरचीचं साल कितीही वाटलं तरी बारीक होत नाही, दातांत येतं.

कढईत दोन मोठे चमचे तेल किंवा डुकराची चरबी तापवा, तेवढाच मैदा घालून दोन मिनिटं परता. गॅस बारीक करून मिरचीचा रस ओता, कारण तो फार उडतो आणि कपड्यावरचा डाग निघत नाही. उरलेला रस्सा घालून पंधरा-वीस मिनिटं उकळवा. पळी बुडवून तिच्या पाठीवर बोट फिरवा. रेघ तशीच राहिली तर दाटपणा बरोबर. रस्सा आधीच खारट असतो, म्हणून मीठ शेवटी बघून घाला. अर्धा कप सॉस मांसात कालवा, सारण कोरडं राहत नाही.

टॉर्टिया

दोन कप मासा हारिना, दीड कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मासा हारिना म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. चुन्यामुळेच ते चिकटून लवचिक राहतं. आपलं साधं मक्याचं पीठ इथे उपयोगाचं नाही, गुंडाळताना भाकरीसारखं तडकतं. कॉर्नफ्लोअर तर नुसता स्टार्च. मळून अर्धा तास झाकून ठेवा, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये १५ सेंटिमीटरच्या १२ ते १४ टॉर्टिया दाबा. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, दुसरी मिनिटभर, पुन्हा पहिली अर्धा मिनिट. फडक्यात गुंडाळून ठेवा. आदल्या दिवशीच्या किंवा विकतच्या मक्याच्या टॉर्टियाही चालतात, उलट त्या तेल कमी पितात.

जुळवणी

ओव्हन १९० अंशांवर तापवा. ३०० ग्रॅम मॉन्टेरे जॅक किंवा चेडार चीज घरीच किसा. किसून पाकिटात येणाऱ्या चीजला स्टार्च लावलेला असतो, ते नीट वितळत नाही.

उथळ तेलात प्रत्येक टॉर्टिया दोन्ही बाजूंनी आठ-दहा सेकंद सोडा. ती मऊ पडली पाहिजे, कुरकुरीत नाही. ही पायरी गाळली की टॉर्टिया सॉस शोषून लगदा होते किंवा गुंडाळताना फाटते. तेलातून काढली की गरम सॉसमध्ये बुडवा, दोन मोठे चमचे मांस आणि थोडं चीज ठेवून गुंडाळा आणि जोड खाली करून ट्रेमध्ये लावा. ट्रेच्या तळाशी आधी कपभर सॉस पसरलेला असावा. वरून उरलेला सॉस आणि चीज घालून न झाकता पंधरा-अठरा मिनिटं भाजा; कडेला बुडबुडे आले की काढा आणि पाच मिनिटं मुरू द्या.

न्यू मेक्सिकोत बऱ्याच घरी गुंडाळत नाहीत. तीन टॉर्टिया थरावर थर रचतात आणि वर अंडं तळून ठेवतात. टॉर्टिया फाटत असतील तर हीच पद्धत धरा. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, बाजूला पिंटो राजमा.

पाहुण्यांसाठी करायचं असेल तर मांस आणि सॉस आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सॉसची चव आणखी मुरते. टॉर्टिया मात्र जेवायच्या तासभर आधीच भरा. भरलेला ट्रे रात्रभर ठेवला तर सकाळी त्याची खीर झालेली असते.