येझदीचं इंजिन बोरिंगला द्यायच्या आधी क्रँक सील बघा

गाडी धूर मारतेय, पिकअप नाही म्हटलं की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं, ब्लॉक-पिस्टन गेलं, बोर करू (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन टाकू). म्हैसूरच्या जुन्या येझदी-जावामध्ये (1996 ला बंद झाली ती कंपनी) बऱ्याचदा दुखणं भलतीकडेच असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच (पिस्टनखालचं, क्रँकशाफ्ट असलेलं बंद खोकं) पंपाचं काम करतो, पिस्टन खाली येताना खालचं मिक्स्चर दाबून वर ढकलतो, त्यामुळे तिथे बारीकशी गळती असली तरी बोर कितीही नवा असू दे, गाडी नीट चालणार नाही.

क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरी सील असतं, तीच क्रँक सील. डावीकडचं म्हणजे क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. दाट पांढरा धूर, आणि जमिनीवर एक थेंब नाही तरी गिअरबॉक्सची लेव्हल कमी. उजवीकडचं, डायनामोकडचं गेलं तर हवा आत शिरते, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, मग एखाद्या घाटात पिस्टन जाम.

तपासायला जुना स्पार्क प्लग घ्या, आतली पोर्सिलीन काढून तिथे ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तो प्लगच्या जागी लावा. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं आणि कार्बोरेटरची जागा रबराने बंद करा, पिस्टन अगदी खाली आणा आणि सायकलच्या पंपाने 5-6 पीएसआय हवा भरा, त्याच्यावर जाऊ नका. काही मिनिटं प्रेशर टिकलं तर सील चांगली. पडलं तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात बघा, कधीकधी नुसतं गॅस्केटच (जोडातली पातळ चकती) गेलेलं निघतं आणि हजारो रुपये वाचतात.

इंजिन उघडावंच लागलं तर केसच्या दोन भागांत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका हो, त्या फेसवर ओरखडा पडला की गळती कायमची. पिस्टन आधी विकत घ्या (पुण्यात असाल तर नाना पेठ आहेच), मग तो पिस्टन मापून लेथवाल्याकडून बोर करून घ्या. आणि बोर झाल्यावर सिलिंडरमधल्या पोर्टच्या (मिक्स्चर-धूर ये-जा करायच्या भोकांच्या) कडा हलक्या हाताने मोडल्यात का ते बोट फिरवून बघाच, हे काम सर्रास राहून जातं, धारदार कडेत रिंग अडकते आणि तुटते. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवरच बसली पाहिजेत. सर्क्लिप (पिस्टनची पिन अडकवून ठेवणारी तारेची क्लिप) नवीनच टाका, बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडका ठेवा, नाहीतर ती उडून आत गेली की परत सगळं खोला.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, जराही खडखड नको. बाजूला थोडा हलला तर चालतं.

पॉइंटचा (स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या कॉन्टॅक्टचा) गॅप 0.4 मिमी. रनिंग-इनला (नवं काम झाल्यावर सुरुवातीला) पेट्रोलच्या लिटरमागे 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, आणि एकाच स्पीडवर ताणत बसू नका. हल्ली पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते जुने रबरी पाइप खातं आणि पाणी धरतं, म्हणून पाइप बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका.