समेशिवाय वाजवायचं कसं

सगळ्यात आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप बंद करा. खोलीत सा घुमत राहिला की पाच मिनिटांत सगळे त्याच्याभोवती गोळा होतात, कुणीतरी यमनात शिरतं, तबलेवाल्याचा हात तीनतालावर जातो आणि मग मैफल होते, तीही कच्ची. मी मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत पेटी शिकलेय, यमनाशी माझं भांडण नाही. पण मुक्त वादनात राग, ताल, चाल यातलं काहीही आधी ठरवायचं नसतं. ठरलेली असते फक्त वेळ, आणि कोण कोण येणार ते.

आमच्या कॉलेजातले ज्युनियर सारखे विचारतात की असला मुक्त वादनाचा गट जमवायचा कसा, म्हणून हे लिहितेय.

माणसं पाच ते सात घ्या. त्याहून जास्त झाली की कोण काय वाजवतंय ते ऐकूच येत नाही. निम्मे शिकलेले, निम्मे न शिकलेले असले तर उत्तम. आमच्यात मेकॅनिकलचा एक मुलगा आहे, त्याला सारेगम येत नाही, पण स्टीलच्या ताटातून तो जे काढतो ते मला पेटीतून जमत नाही. खोलीचं म्हणाल तर फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कॉलेजात जागा मिळणं विसरा. कुणाच्या तरी फ्लॅटचा हॉल बघा आणि संध्याकाळची वेळ धरा. खाली पोरं क्रिकेट खेळत असतात तेव्हा तुमच्या आवाजाकडे सोसायटीत कुणी लक्ष देत नाही. खिडकी उघडी ठेवा. 'आउट'ची आरडाओरडसुद्धा वादनात येऊ द्या.

वाद्यांवर पैसे घालू नका. १९६०च्या सुमारास टोकियोत 'ग्रुप ओंगाकु' नावाचा विद्यार्थ्यांचा गट होता, ताकेहिसा कोसुगी, मिएको शिओमी वगैरे. तिथल्या कला विद्यापीठात संगीत शिकणारी ही मुलं पियानो, चेलोबरोबर व्हॅक्यूम क्लीनर, रेडिओ, तेलाचा पिंप आणि जेवणाच्या बश्या वाजवायची. १९६१मध्ये सोगेत्सु आर्ट सेंटरला त्यांनी जाहीर कार्यक्रमही केला. त्यांना शिकवणाऱ्यांत भारतात येऊन इथलं संगीत अभ्यासलेले फुमिओ कोइझुमी होते, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

एक वस्तू मात्र बनवाच: कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणारा माइक. पुण्यात बुधवार पेठेत 'पायझो' मागितलात की पितळी चकती मिळते, २७ मिलिमीटरची घ्या. शिल्डेड वायरची आतली तार मधल्या पांढऱ्या भागाला आणि बाहेरची जाळी पितळी कडेला सोल्डर करा. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न सेकंदभरच टेकवा, जास्त तापला तर वरचा थर उखडतो. दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक लावा आणि चकतीवर टेप गुंडाळा. हे गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये घाला. साउंड मिक्सरच्या साध्या लाइनमध्ये घातलं तर आवाज पातळ येतो, खर्ज गायब. चकती ताटाच्या पाठीला चिकटवली की नखाचा ओरखडासुद्धा खोलीभर ऐकू येतो. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा, नाहीतर अ‍ॅम्पचा आवाज परत माइकमध्ये शिरून जी किंचाळी उठते, त्या फीडबॅकने कान फुटतील.

आता सराव. लंडनचा ड्रमर जॉन स्टीव्हन्स नवख्यांकडून दोन गोष्टी करून घ्यायचा, आम्ही अजून तिथूनच सुरू करतो. पहिली: प्रत्येकाने शक्य तितका छोटा आवाज काढायचा, नुसता टिक, आपापल्या गतीने. दुसऱ्याशी जुळवायचं नाही, पण त्याचं ऐकायचं. थोड्या वेळाने त्या टिकटिकीतून कुणीच न ठरवलेली एक नक्षी उमटायला लागते. दुसरी: एका श्वासाएवढा लांब स्वर, मग श्वास घ्यायचा, मग पुढचा. पेटीवाल्याने भाता श्वासाबरोबर चालवावा. ताटवाल्याने कडेवरून व्हायोलिनचा गज ओढावा, गजाला राळ भरपूर लावून.

स्टीव्हन्सचं आणखी एक पथ्य आमच्याकडे कडक पाळलं जातं: शेजाऱ्याचं वादन ऐकू येत नसेल, तर तुम्ही जोरात वाजवताय.

शिकलेल्या लोकांना खरा त्रास होतो तो हातांचा. तबलजीला ठेका सोडवत नाही. त्याला बंदी घालू नका, तो चिडतो. नियम एवढाच: ज्याने ठेका धरला त्यानेच तो मोडायचा, बाकीच्यांना त्याच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं बंधन नाही. पेटीवर मी पट्टी अर्धवट दाबते आणि भाता अगदी हळू सोडते, मग स्वर लागायच्या आधीची हवाच ऐकू येते. क्लासमध्ये हा दोष धरला जायचा. इथे मी मिनिटभर त्यावरच थांबते.

लगेच सगळ्यांनी एकत्र वाजवू नका. आधी जोड्या पाडा, तीन मिनिटं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग दहा मिनिटं सगळे. शेवट जमायला सगळ्यात वेळ लागतो, कारण वादन संपलेलं असतं आणि एकाला तरी अजून एक 'टिंग' करायची खुमखुमी असते. त्याला करू द्या, पण रेकॉर्डिंग ऐकताना तिथे थांबा. रेकॉर्डिंगला एक मोबाइल पुरतो, खोलीच्या मधोमध उशीवर ठेवलेला. ते त्याच दिवशी ऐकू नका, सगळं भारीच वाटतं. आणि चर्चेत 'मस्त झालं' म्हणायला बंदी ठेवा. काय ऐकलं तेवढंच सांगायचं.

गट टिकवायचा तर सीनियरशाही मोडावी लागते. १९६९मध्ये इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू आणि त्याच्या मित्रांनी लंडनमध्ये स्क्रॅच ऑर्केस्ट्रा काढला, न शिकलेल्यांनाही घेतलं, आणि कार्यक्रम आखायची पाळी सगळ्यात धाकट्यापासून सुरू केली. आम्हीही तसंच करतो. आमच्याकडे फर्स्ट इयरच्या मुलीने पहिला कार्यक्रम आखला: सतरंजी, वीस माणसं, मध्ये वादक, भोवती श्रोते, माइक नाही. वादन किती वेळ चालणार ते सुरुवातीलाच सांगायचं, ही अटही तिचीच. कधी संपणार ते माहीत असलं की लोक चुळबुळ न करता ऐकतात.

तिकीट लावू नका. दाराशी डबा ठेवा, पायझो आणि वायरीपुरते पैसे त्यात जमतात.