धूर नदीपलीकडून येत असेल तर तक्रार कुठे करायची?

बालेवाडी पुणे महापालिकेत, मुळा नदीच्या पलीकडचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये आणि त्याच्या पुढची गावं पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) क्षेत्रात. त्यामुळे धुराची तक्रार 'आमच्या हद्दीत नाही' एवढ्यावर बंद होते. म्हणून आधी धूर निघतो ती जागा पक्की करा.

गच्चीवर काठीला हातभर हलकी फीत बांधा. टाकीच्या आडोशाला नको, तिथे वारा गरगरतो. फीत पूर्वेकडे उडाली तर वारा पश्चिमेचा. इथे हमखास गल्लत होते. धूर आला की दिशा आणि वेळ वहीत लिहा. किलोमीटरभर लांबच्या सोसायटीतही कुणाला तरी हेच करायला सांगा. दोन आठवड्यांनी नकाशावर दोन्ही गच्च्यांवरून, वारा ज्या बाजूने आला तिकडे, रेघा ओढा. त्या छेदतात तिथे शोध घ्या. एकाच वेळच्या नोंदी घेतल्या तर रेघा समांतरच येतील, म्हणून वेगवेगळ्या वाऱ्याच्या घ्या. थंडीत पहाटे फीत लोंबत असते, ती नोंद दिशेसाठी धरू नका.

हवेतले कण मोजणारा सेन्सर असेल तर तो सावलीत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. दमट हवेत कण फुगतात आणि आकडा उगाच चढतो. स्वस्त यंत्रं जाड धूळ कमी दाखवतात. त्यासाठी गॅलरीत रात्रभर स्टीलचं ताट ठेवा. सकाळी बोटाला राखाडी, चरचरीत लागलं तर सिमेंट-खडी. काळं, चिकट लागलं तर धूर.

तक्रारीत एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) देऊ नका. त्यात कणांची २४ तासांची सरासरी असते. पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) दोन तास ३०० आणि उरलेले २२ तास ४० असलं, तरी सरासरी ६२ च्या आसपास येते. मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे गुदमरवणारे दोन तास कागदावर जवळजवळ दिसतच नाहीत! तासातासाचे मूळ आकडे जोडा.

कचरा जाळणं किंवा बांधकामाची धूळ असेल तर त्या हद्दीच्या महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. गावात कचरा जळत असेल तर ग्रामपंचायत, बांधकाम असेल तर पीएमआरडीए. आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट किंवा कारखाना असेल तर हद्द कुणाचीही असो, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारण ते चालवायचं संमतिपत्र तेच देतं. पत्र एकच लिहा, सगळ्यांची नावं वरच घाला, नकाशा जोडा. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या आणि पुढच्या पत्रात तो लिहा.